तिसऱ्या नळीतलं टेल्युरियम

मला स्वतःच्याच श्वासाची किळस आली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मनातल्या मनात शास्त्रज्ञ झालेलो होतो. किळस म्हणजे सकाळी तोंड धुण्याआधी येते ती नव्हे. सडक्या लसणाच्या गड्ड्या ओल्या पोत्यात आठ दिवस बांधून ठेवाव्यात आणि मग ते पोतं कुणाच्या तरी नाकासमोर सोडावं, तसली. उशीला तो वास, पंचाला तो वास, घामाला, लघवीला, सदऱ्याच्या कॉलरला तोच. आंघोळ केली की अंग तेवढं ओलं व्हायचं आणि वास ताजा व्हायचा. आणि हे सगळं घडत होतं सोलापुरातल्या अशा एका घरात, जिथं लसणाचं नावसुद्धा स्वयंपाकघरात घेत नसत.

ते घर अण्णा आणि अक्कांचं. दोघं दिगंबर जैन, मूलबाळ नाही, वयानं साठीच्या पुढे. अण्णा घोंगड्यांचे व्यापारी होते आणि माझा बाप सांगोल्याकडचा मेंढपाळ, म्हणून ओळख. मला एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची जागा मिळाली तेव्हा बाप मला घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला, डोक्यावरचा पटका सारखा केला आणि मला न विचारता शपथ घालून मोकळा झाला. "अण्णा, आमचं पोरगं तुमच्यात हाय तंवर कांद्या-लसणाला शिवायचं न्हाय. मटनाचं तर नावच नगं. शिवलं तर मला सांगा, मी येऊन तंगडं मोडतो." अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "तंगडं कशाला मोडताय? आम्ही खोली रिकामी करून घेऊ की." त्या दिवशी मला तो विनोद वाटला होता.

पण घर मोठं गोड होतं. शेजारी तेलुगू पद्मसाळी कुटुंबाचे चार माग होते, ते पहाटेपासून खटक-खट, खटक-खट चालायचे. वीज गेली की सगळी गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटायची आणि मग लांबच्या मंदिरातली घंटा ऐकू यायची. अक्का पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या, आणि अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते गाळणं पुन्हा त्याच पाण्याच्या ठिकाणी हलक्या हातानं विसळून यायच्या. जेवण सूर्य मावळायच्या आत. पापडासारखी कडक भाकरी, तुरीचं घट्ट वरण, आणि शेंगाची चटणी. सोलापुरात शेंगाची चटणी लसणाशिवाय करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. अक्का तिच्यात जिरं भाजून घालायच्या, उखळात इतकी कुटायच्या की तेल सुटायचं, आणि मी तिच्यावर तीन भाकऱ्या हाणायचो. (आता जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी सुनेच्या मिक्सरमधून जी चटणी येते ती चवीला भुसा असते. तोंडावर तसं म्हणायची मात्र माझी हिंमत नाही.)

शपथ मी एकदा मोडली होती, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी एका मित्राच्या भावाच्या लग्नात मी मटणाच्या रश्श्यात हात घातला, कोपरापर्यंत. घरी येताना बडीशेप खाल्ली, लिंबानं हात धुतले, आणि उंबऱ्यावर पाय ठेवताक्षणी अक्का म्हणाल्या, "बिरू, मागच्या दारानं ये." पुढचे आठ दिवस माझं ताट ओसरीवर वाढलं गेलं. तेव्हापासून खाण्याच्या बाबतीत त्या घरात माझा शब्द म्हणजे फुटकी कवडी.

आता प्रयोगशाळा. आमचे भागवत सर काटकुळे, सतत तपकीर ओढणारे, आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. नाकातली सगळी जाणीव त्या तपकिरीनं केव्हाच जाळून टाकली होती. त्यांचा विषय अतिवाहकता, म्हणजे काही धातू आणि धातूंची संयुगं भयंकर थंड केली की त्यांच्यातून वीज जराही अडखळत नाही, ती गोष्ट. आमचं संयुग टँटलम आणि सेलेनियमचं होतं. सर ते पंगतीच्या भाषेत शिकवायचे. "बिरुदेव, अणू म्हणजे पंगतीला बसलेली माणसं. सारख्या अंतरावर, सरळ रांगेत. थंडी पडली की ही माणसं काय करतात? तिघं-तिघं एकमेकांना खेटून बसतात. रांग वाकडी झाली. आता वाढप्यांनी पळायचं कुठून? वाढपी म्हणजे आपले इलेक्ट्रॉन. निम्मे त्या घोळक्यातच अडकले. मग अतिवाहकता बिचारी कशी येणार? म्हणून आपण काय करायचं? सेलेनियमच्या काही पाटांवर टेल्युरियम बसवायचा. तो लठ्ठ. दर थोड्या अंतरावर एक लठ्ठ माणूस बसला की बाकीच्यांना घोळका जमवताच येत नाही. रांग सरळ राहते, वाढपी मोकळे!" एवढं बोलून ते चिमूटभर तपकीर ओढत आणि शिंकत. मी आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं, फक्त शिंक वगळून.

रांग वाकडी झाली की विजेचा विरोध एकदम हिसका देतो आणि आलेखावर एक कुबड दिसतं. ते कुबड बघायला द्रवरूप नायट्रोजनची थंडी पुरते. तो नायट्रोजन सोलापुरात आम्हाला मिळायचा गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून. वळूंच्या रेताच्या कांड्या ज्या पिंपात बुडवलेल्या असत, त्याच्याच भावंडातून आमच्या थर्मासमध्ये. मी तो थर्मास सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचो आणि वाटेत ओळखीचे लोक विचारायचे, "काय रे, कुठल्या म्हशीला?" त्याच्याही पुढच्या थंडीसाठी, जिथं खरी अतिवाहकता दिसते, नमुने दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत.

नमुना करायची रीत अशी. टँटलम-सेलेनियमची आधी भाजून घेतलेली पूड क्वार्ट्झच्या नळीत घालायची, वर मोजून टेल्युरियमची पूड आणि त्याच्या वाट्याचा टँटलम, मग पंपानं नळीतली हवा ओढायची आणि ओढता-ओढताच नळीचा गळा ज्योतीनं वितळवून बंद करायचा. हे काम बशीरभाई करायचे. त्यांचं गॅस वेल्डिंगचं दुकान विभागामागच्या गल्लीत होतं. आम्ही पंप हातगाड्यावर घालून त्यांच्याकडे न्यायचो. ट्रॉल्यांचे आस जोडणारा तो माणूस पेन्सिलीएवढी काचनळी अशी वळवून बंद करायचा की बघत राहावं. आणि दरवेळी आधी एकच गोष्ट करायचा. नळीच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळायचा, म्हणजे खालची पूड थंड राहील. "ये गीला कपडा नै बांध्या तो माल उड जाता, मियाँ," असं त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मी दहाही वेळा मान डोलावली.

पहिली नळी बिनटेल्युरियमची, कुबड मोठं. दुसरी थोड्या टेल्युरियमची, कुबड जवळपास सपाट, आणि मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं की नमुना अतिवाहक होतो. सर त्या दिवशी तपकीर ओढायचं विसरले. तिसऱ्या नळीत टेल्युरियम भरपूर होतं. त्या दिवशी बशीरभाई नमाजाला गेले होते, ते येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण मी शास्त्रज्ञ झालेलो होतो ना! ज्योत मी पेटवली, नळी मीच बंद केली. ओलं फडकं घमेल्यात तसंच पडून राहिलं. नळी बंद करताना गळ्यापासून वर, पंपाच्या रबरी नळीपर्यंत, काळपट चमकदार आरसा चढला. मला वाटलं, काजळी. बशीरभाईंना कळू नये म्हणून मी ती रबरी नळी काढली, तोंडाला लावली आणि जोरात फुंकली. ती निघेना. मग, हे लिहितानाही मला माझ्या गाढवपणाची शिसारी येते आहे, मी दुसऱ्या बाजूनं ओढली. तोंडभर धातूची चव आली. मी थुंकलो, चूळ भरली, काचेची नळी नेहमीप्रमाणे भाजायला विभागातल्या भट्टीत ठेवली आणि वहीत लिहिलं: नमुना तीन, टेल्युरियम सर्वात जास्त.

दुसऱ्या दिवसापासून वास. प्रयोगशाळेत कुणालाच तो जाणवला नाही. सरांचं नाक मेलेलं, आणि बशीरभाईंच्या दुकानात कार्बाइडच्या गॅसलाच लसणाचा वास, तिथं मी म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी. न्हाव्यानं मात्र अर्धी दाढी झाल्यावर रुमाल तोंडाला बांधला. सिटी बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि लोक उभे राहायचे. मला जेवण जाईना. कडक भाकरी मोडली की तिच्यावर माझाच श्वास पडायचा आणि घास तोंडाजवळ येईपर्यंत लसणात बुडायचा. अक्कांची चटणी, जिच्यात लसणाचा कणही नव्हता, तिच्यातून मला सडका लसूण यायला लागला. मी ती ताटात ढकलून ठेवायचो. अक्का ते बघायच्या. त्यांना वाटायचं, बाहेरून पोट भरून येतो.

इकडे तिसरा नमुना भट्टीतून निघाला, नायट्रोजनमध्ये बुडाला, आणि आलेखावर कुबड परत आलं. दुसऱ्या नमुन्यात गेलेलं कुबड, टेल्युरियम आणखी वाढवल्यावर परत! सरांनी कागद तीनदा फिरवून बघितला. "बिरुदेव, हे कुणीच पाहिलेलं नाही. लठ्ठ माणसं फार झाली की तीच घोळका करतात!" आठवडाभरात त्यांनी निबंध लिहिला, देशभरातले लोक जमणार होते त्या परिषदेला पाठवला, तो स्वीकारला गेला. तीस वर्षांत त्यांचा एकही निबंध तिथं गेला नव्हता. त्यांनी नवा सफारी शिवायला टाकला. माझा प्रबंधही आलेखावरच्या त्याच तिसऱ्या बिंदूवर उभा राहणार होता.

तेवढ्यात जैनांचं दशलक्षण पर्व लागलं. दहा दिवस अक्का एकदाच जेवायच्या, तेही उभ्या-उभ्या दोन घास. अण्णा पहाटे मंदिरात. घर इतकं स्वच्छ की जिन्यावरची धूळसुद्धा लाजेल. आणि त्या घरात वरच्या खोलीतून मी खाली उतरलो की वास माझ्याआधी दोन पायऱ्या पुढे. सहाव्या दिवशी अक्कांनी मला चौकात थांबवलं. पदर नाकाला होता.

"बिरू, पर्वाचे दिवस आहेत. मला खोटं बोलायला लावू नकोस, आणि तूही बोलू नकोस. कुठं खातोस?"

"अक्का, तुमची शपथ, काही खाल्लं नाही."

"माझी शपथ नको घालूस. मी अजून मरायची नाही. लग्नातलं मटण मी विसरले होते. हे रोजचं आहे. रोज!"

"अक्का, खरंच..."

"अण्णांना काल स्वाध्यायाला बसल्या-बसल्या ओकारी आली. ते तुला बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते. पर्व संपलं की खोली बघ. तुझ्या वडलांना मीच कळवते."

मला राग आला, रडूही आलं, आणि सगळ्यांत जास्त आली ती किळस. कारण ती बाई खोटं बोलत नव्हती. मी स्वतःच्या तळहातावर श्वास सोडून बघितला आणि तो हात सदऱ्याला पुसला. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो नाही. विभागाच्या ग्रंथालयात रसायनं हाताळण्याची एक जुनी, वाळवीनं कडा खाल्लेली इंग्रजी पुस्तिका होती. डॉक्टरकडे जायची लाज वाटली म्हणून मी ती उघडली. टेल्युरियमच्या पानावर चार ओळी: हे शरीरात गेलं तर श्वासाला आणि घामाला लसणाचा उग्र वास येतो, आणि तो कित्येक आठवडे, कधी महिने राहतो.

मी पुस्तिका सदऱ्याखाली खुपसून सायकल हाणली ती थेट घरी. अक्का ओसरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. मी लांब, अंगणाच्या दाराशी उभा राहिलो आणि ओरडलो, "अक्का, लसूण नाही! धातू आहे, धातू! पुस्तकात छापलंय!" ते पान मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं, दोनदा. नळी कशी तोंडाला लावली तेही सांगितलं. त्यांनी माळ खाली ठेवली. अक्का चौथी शिकलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे ते तुझ्या नळीत बंद करायचं होतं ना?"

"हो."

"मग ते तुझ्या तोंडात कसं आलं?"

"उडालं, अक्का. वर उडालं, तेच तर..."

"मग नळीत किती राहिलं?"

मी पुस्तिका मिटली. शेजारचे माग चालू होते आणि मला ते पहिल्यांदाच कर्कश वाटले. तीन वर्षं शिकून, पंगतीचं सगळं गणित पाठ असून, हा प्रश्न मला पडला नव्हता. कुबड परत आलं नव्हतं. ते गेलंच नव्हतं. तिसऱ्या नळीत टेल्युरियम सर्वात जास्त नव्हतंच. दुसरीपेक्षाही कमी होतं. लठ्ठ माणसं पंगतीला आलीच नव्हती, ती माझ्या पोटात बसली होती. आणि सरांचा सफारी शिंप्याकडून आला होता.

मी गप्प बसलो. इथं मला स्वतःला झाकायचं नाही. पाच दिवस गप्प बसलो. सरांना सांगितलं तर प्रबंध गेला, वर्ष गेलं, विद्यावेतन गेलं, सरांचं तोंड काळं. नाही सांगितलं तर? सोलापूरच्या एका आलेखावरचा एक बिंदू, कोण तपासणार? वास कधीतरी जाणार, बिंदू छापला जाणार. मी रोज सरांशी हसून बोलायचो आणि ते माझ्या चुकीवर पाचवा परिच्छेद चढवायचे. स्वतःच्या तोंडाच्या वासापेक्षा त्या हसण्याचा वास मला जास्त यायला लागला.

मग क्षमावाणीचा दिवस आला. पर्व संपल्यावर जैन घरात त्या दिवशी लहान-मोठं बघत नाहीत, ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्यापुढे हात जोडतात. मी जिन्यात होतो. अक्का पायऱ्या चढून वर आल्या, गुडघ्यावर हात देत-देत, नाकाला पदर न लावता. माझ्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले. "उत्तम क्षमा, बिरू. मी तुला खोटा म्हटलं. पर्वाच्या दिवसात म्हटलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पश्चात्तापाचं की वासाचं, मला आजही सांगता येणार नाही. मी पण हात जोडले, म्हणालो, उत्तम क्षमा. आणि म्हणताना मला इतकी शरम वाटली की मी चपला हातात घेऊनच जिना उतरलो.

सर घरी बॅग भरत होते. गाडी संध्याकाळची. मी दारातच सगळं सांगितलं. ओलं फडकं, आरसा, रबरी नळी, पुस्तिका, आणि अक्कांचा प्रश्न. सर पलंगावर बसले. नव्या सफारीची घडी मोडली, पुन्हा घातली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला, मला. आणि अक्कांना."

"अक्का भौतिकशास्त्र मंडळावर नाहीत ना?" ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ते उठले आणि म्हणाले, "गाढवा, पाच दिवस झाले? पाच? कपडे घेऊन ये. तू पण चल. हे माझ्या तोंडून ऐकायला कोण बसलंय? तूच सांग."

रात्री रेल्वेच्या डब्यात आमच्या समोरचं कुटुंब वरच्या बाकांवर गेलं, मग दुसऱ्या डब्यात गेलं. सरांना कारण कळेना. "चांगली जागा सोडून का जातात लोक?" ते विचारत आणि पाय पसरून बसत.

परिषदेत सरांनी पहिले दोन बिंदू दाखवले आणि तिसऱ्यापाशी थांबून मला पुढे ढकललं. माझं इंग्रजी सांगोल्याचं. मी म्हणालो, हा तिसरा नमुना चुकीचा आहे. टेल्युरियम नळीतून उडालं. चूक माझी, सरांची नाही. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांच्या, काठी घेतलेल्या एक ज्येष्ठ बाई बसल्या होत्या. सगळे वक्ते त्यांच्याकडे बघून बोलत होते. त्यांनी विचारलं, "उडालं हे कशावरून? मोजलंत का?"

"मोजलं नाही, मॅडम. माझ्या श्वासात आहे."

सभागृहात हशा पिकला. त्या हसल्या नाहीत. काठी टेकत व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "सोडा श्वास." तीनशे माणसांसमोर मी तोंड उघडून श्वास सोडला. बाईंचा चेहरा असा आक्रसला की मला वाटलं, पडतात. पदर तोंडाला दाबून त्या मागे वळल्या आणि सभेला सांगितलं, "टेल्युरियमच. तरुणपणी मीही गिळलंय. पुढे चला."

सरांनी प्रोजेक्टरवरचा पारदर्शक कागद पुढे ओढला आणि शाईच्या पेननं तिसऱ्या बिंदूवर फुली मारली. भिंतीवर ती फुली माणसाएवढी दिसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. फक्त पहिल्या रांगेतल्या खुर्च्या एकेक करून मागे सरकल्याचा आवाज आला, आणि सर माझ्या शेजारी उभे राहून पुढचा कागद लावत होते.